संविधानातली विहीर

आमच्या शाळेत रोज सकाळी परिपाठाच्या वेळी राष्ट्रगीत आणि प्रतिज्ञा झाल्यावर एक विद्यार्थी माइकसमोर येऊन संविधानाची उद्देशिका सांगतो आणि मैदानावरची सगळी मुले ती त्याच्यामागून म्हणतात. वर्षानुवर्षे ऐकून त्या एकत्रित आवाजाचे चढउतारही मला पाठ झाले आहेत. ‘दर्जाची व संधीची समानता’ इथे आवाज मोठा होतो, कारण त्यानंतर ‘निश्चितपणे’ हा जिभेला जड जाणारा शब्द येतो आणि लहान वर्गांतली मुले त्याच्या आधीच दम घेतात. ‘स्वतःप्रत अर्पण करत आहोत’ इथे सगळे पुन्हा एका सुरात येतात.

गेल्या वर्षी संविधान दिनाच्या आदल्या दिवशी मी व्हरांड्यातल्या फळ्यावर रंगीत खडूने उद्देशिका लिहीत होते, तेव्हा शाळेत साफसफाईचे आणि पाणी भरण्याचे काम करणाऱ्या मावशी हातातली बादली खाली ठेवून बराच वेळ माझ्या मागे उभ्या राहिल्या. मग त्यांनी विचारले, “बाई, हे मी रोज ऐकते. सगळं चांगलंच हाय. पण ह्यात पाण्याचं कुठं येतं?”

मला प्रश्न लगेच कळला नाही, तेव्हा त्यांनी आपल्या आईचे सांगितले. गावातल्या आडाच्या ओट्यावर त्यांच्या वस्तीतल्या बायांना चढायची मुभा नव्हती. आई घागर घेऊन ओट्याच्या खाली उभी राहायची आणि पाणी भरायला आलेल्या एखाद्या बाईला दया येईपर्यंत थांबायची. ती बाई पोहरा उंच धरून वरून पाणी वाढायची, कारण पोहरा घागरीला लागला तर विटाळ व्हायचा. “तेवढ्या उंचावरून धार सरळ पडत नाही हो बाई,” मावशी म्हणाल्या, “अर्धं पाणी घागरीत आणि अर्धं आईच्या लुगड्यावर. थंडीच्या दिसांत आई तशीच वल्ली घरी यायची.”

मी वीसहून अधिक वर्षे नागरिकशास्त्र शिकवते. समानतेचे तत्त्व संविधानात कुठे आहे, असे परीक्षेत विचारले तर उद्देशिका आणि कलम १४ असे उत्तर मी बरोबर धरते, आणि ते बरोबर आहेच. पण मावशींना ते उत्तर द्यायला माझी जीभ उचलेना. उद्या सांगते, असे म्हणून मी घरी आले आणि संविधानाची मराठी प्रत काढून मूलभूत हक्कांचा तिसरा भाग पहिल्यापासून वाचायला बसले. या लेखात जे लिहिते आहे, ते त्या रात्री आणि पुढच्या काही आठवड्यांत नव्याने लक्षात आलेले आहे.

माणसे समान आहेत हे राष्ट्राच्या पायाभूत दस्तऐवजात लिहिण्याची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट अमेरिकेची आहे. सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत हे सत्य आम्ही स्वयंसिद्ध मानतो, असे १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याने म्हटले. पण जाहीरनामा म्हणजे संविधान नव्हे. अकरा वर्षांनी, १७८७ साली, त्याच फिलाडेल्फिया शहरात संविधान लिहिले गेले तेव्हा त्यात ते वाक्य आले नाही. उलट, प्रतिनिधिगृहातल्या जागांसाठी राज्यांची लोकसंख्या मोजताना गुलामांची गणती तीन-पंचमांश करावी अशी तरतूद त्यात आली, आणि तीही ‘गुलाम’ हा शब्द न उच्चारता. समान संरक्षणाची हमी त्या संविधानात येण्यासाठी यादवी युद्ध व्हावे लागले आणि १८६८ साली चौदावी दुरुस्ती मंजूर व्हावी लागली. म्हणजे तत्त्व जाहीर होणे आणि कायद्याच्या मजकुरात येणे यांमध्ये ९२ वर्षे गेली. जाहीरनाम्यातले तत्त्व आणि कायद्यातले कलम यांतला हा फरक मी वर्गात नेहमी सांगते, कारण आपल्या उद्देशिकेकडे पाहतानाही तो उपयोगी पडतो.

आपल्या उद्देशिकेचे मूळ पंडित नेहरूंनी १३ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत मांडलेल्या आणि २२ जानेवारी १९४७ रोजी संमत झालेल्या उद्दिष्टांच्या ठरावात आहे. त्या ठरावात समानता तीन प्रकारची होती: दर्जाची, संधीची आणि कायद्यापुढची. उद्देशिकेत यांपैकी पहिल्या दोन राहिल्या, कायद्यापुढची समानता कलम १४ मध्ये आली, आणि ठरावात नसलेली बंधुता मसुदा समितीने उद्देशिकेत घातली. इथे भाषेची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. हिंदी उद्देशिकेत ‘प्रतिष्ठा और अवसर की समता’ आहे, म्हणजे आपण ज्याला दर्जा म्हणतो त्याला हिंदीत प्रतिष्ठा म्हटले आहे, तर मराठी उद्देशिकेत ‘प्रतिष्ठा’ हा शब्द बंधुतेच्या ओळीत, ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ असा आला आहे. मला मराठीची ही निवड आवडते. दर्जा हा समाज ठरवतो, देतो आणि काढूनही घेतो. प्रतिष्ठा माणसाची स्वतःची असते. ज्या समाजाने शतकानुशतके जन्मावरून दर्जा ठरवला, त्याच्या संविधानात ‘दर्जाची समानता’ असे रोखठोक लिहिलेले असणे योग्यच आहे.

कलम १४ म्हणते की राज्य कोणत्याही व्यक्तीस कायद्यापुढे समानता किंवा कायद्याचे समान संरक्षण नाकारणार नाही. यातला पहिला अर्धा भाग इंग्लंडच्या कायद्याच्या परंपरेतून आला आहे आणि दुसरा अमेरिकेच्या त्याच चौदाव्या दुरुस्तीतून. कलम ‘नागरिक’ म्हणत नाही, ‘व्यक्ती’ म्हणते, म्हणून आपल्या देशात आलेल्या परक्या माणसालाही ते लागू आहे. मोठे कलम आहे, त्यावर न्यायालयांनी हजारो पाने लिहिली आहेत. पण त्याचे बोलणे राज्याशी आहे. राज्याने काय करू नये, ते हे कलम सांगते. मावशींच्या आईला आडाच्या ओट्यावर चढू न देणारे राज्य नव्हते, शेजारच्या आळीतली माणसे होती.

त्या माणसांशी बोलणारा मजकूर पुढच्याच कलमात, १५ च्या दुसऱ्या खंडात आहे. मी तो शेकडो वेळा शिकवला होता, पण भेदभावास मनाई या मथळ्याखाली घाईघाईने. केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणत्याही नागरिकावर दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेल आणि करमणुकीची ठिकाणे यांत जाण्याबाबत निर्बंध असणार नाही, आणि सरकारी पैशाने राखलेल्या किंवा जनतेच्या उपयोगासाठी नेमून दिलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि लोकांच्या राबत्याच्या जागा यांच्या वापराबाबतही असणार नाही, असे हा खंड म्हणतो. पहिल्या खंडाचा कर्ता ‘राज्य’ आहे; दुसऱ्या खंडात राज्याचे नावच नाही. निर्बंध कोण घालतो हे न विचारता, कोणीही घातलेला निर्बंध चालणार नाही असे तो म्हणतो. देशाच्या सर्वोच्च कायद्यात विहीर आहे, स्नानघाट आहे, रस्ता आहे. मूलभूत हक्क म्हटल्यावर विचारस्वातंत्र्य, धर्मस्वातंत्र्य असे भारदस्त शब्द डोळ्यांसमोर येतात. त्यांच्या रांगेत विहीर येऊन बसली आहे, आणि ती तिथे कशी आली याचा माग काढला तर तो आपल्या महाराष्ट्रातून जातो.

१८६८ साली, म्हणजे ज्या वर्षी अमेरिकेत चौदावी दुरुस्ती झाली त्याच वर्षी, पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता, पण जोतीरावांचे लक्ष अमेरिकेकडे होते यात शंका नाही: पाच वर्षांनी आलेले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी काळ्या लोकांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. मात्र तो हौद त्यांच्या स्वतःच्या मालकीचा होता. सार्वजनिक पाण्यावरचा हक्क ही गोष्ट कायदेमंडळात येण्यासाठी आणखी ५५ वर्षे जावी लागली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले व राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असे त्यात म्हटले होते. आज कलम १५ वाचल्यावर बोल्यांचा ठराव वाचला तर एकाच घरातली दोन माणसे भेटल्यासारखे वाटते.

महाड नगरपालिकेने या ठरावाला अनुसरून चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला, पण तळ्यावर कोणी अस्पृश्य गेला नाही, कारण कोणी जाऊ देणार नव्हते. मार्च १९२७ मध्ये महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा जमलेल्या लोकांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. गावात कायद्याने खुले असलेले तळे काठोकाठ भरलेले, आणि परिषदेला मात्र पाणी विकतचे. २० मार्चला बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेला आलेले लोक रांगेने तळ्यावर गेले, पायऱ्या उतरले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्यानंतर मंदिरात शिरणार असल्याची आवई उठवून त्यांच्यावर झालेला हल्ला, शेण, गोमूत्र, दूध आणि दही यांनी भरलेल्या १०८ घागरी ओतून केलेली तळ्याची ‘शुद्धी’, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने मागे घेतलेला आपलाच ठराव, हे मराठी वाचकांना ठाऊक आहे.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडला दुसऱ्यांदा परिषद भरली. तळ्यावर जाण्यास न्यायालयाची मनाई आली होती. त्या परिषदेतल्या भाषणात बाबासाहेबांनी आपल्या सभेची तुलना १७८९ साली व्हर्सायला भरलेल्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही, आणि इतके दिवस ते प्यायले नाही म्हणून आपण मेलोही नाही. इतरांप्रमाणे आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी तळ्यावर जायचे आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. फ्रान्सच्या राज्यक्रांतीचा जाहीरनामा आणि कोकणातल्या एका गावाचे तळे या दोन गोष्टी त्यांनी एका भाषणात आणल्या. अनेकांना तेव्हा ती तुलना मोठी वाटली असेल. पण माणूस समान आहे हे वाक्य प्रत्येक देशात कुठे ना कुठे जमिनीला टेकावे लागते, आणि आपल्याकडे ते तळ्याच्या पायरीवर टेकले, असे मला वाटते.

तळ्याच्या दाव्याचा निकाल लागायला मात्र फार काळ लागला. महाडच्या सवर्णांनी दाखल केलेला दावा खालच्या न्यायालयातून ठाण्याच्या न्यायालयात आणि तिथून मुंबई उच्च न्यायालयात गेला. उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी सवर्णांचे अपील फेटाळले. तळ्याचे पाणी प्याल्याला दहा वर्षे पुरी व्हायला तीन दिवस कमी होते. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची वहिवाट अनादी काळापासून चालत आली आहे, असे वादींचे म्हणणे होते, आणि ते त्यांना सिद्ध करता आले नाही, असा निकाल झाला. मला या निकालाचा आनंद होतो आणि त्याच वेळी त्यातली एक गोष्ट सलते. रूढी सिद्ध झाली नाही म्हणून दावा पडला. ती अन्याय्य आहे म्हणून नव्हे. सिद्ध झाली असती तर ती सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे की नाही याचा विचार करावा लागला असता, इतकेच न्यायालयाने म्हटले, आणि तो विचार करण्याची वेळ आली नाही. म्हणजे एखाद्या दुसऱ्या गावात कोणी जुनीपुराणी कागदपत्रे आणून रूढी सिद्ध केली असती, तर तिथल्या बायांना पुन्हा ओट्याखाली उभे राहावे लागले असते की नाही, हे त्या निकालातून कळत नव्हते.

याचे उत्तर संविधानात आहे आणि ते समानतेच्या कलमांत नाही, त्यांच्या आधीच्या कलम १३ मध्ये आहे. मूलभूत हक्कांशी विसंगत असलेले कायदे शून्य ठरतील असे हे कलम म्हणते, आणि ‘कायदा’ या शब्दाची व्याख्या करताना कायद्याचे बळ असलेल्या रूढीचा त्यात स्पष्ट समावेश करते. रूढी किती जुनी आहे हा प्रश्नच यामुळे उरला नाही. माझ्या समजुतीप्रमाणे समानतेच्या तत्त्वाला आपल्या संविधानात सर्वांत मोठा आधार या व्याख्येने दिला आहे, आणि आम्ही शिक्षक ती एका ओळीत उरकतो.

दरम्यान विहीर गावाच्या दाव्यातून देशाच्या कागदपत्रांत गेली होती. मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९२८ साली भावी संविधानाचा जो आराखडा केला, त्यात सार्वजनिक रस्ते आणि विहिरी वापरण्याचा सर्व नागरिकांना समान हक्क असल्याचे कलम होते. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची अधिवेशनातल्या ठरावातही विहिरी, तलाव, रस्ते आणि शाळा आल्या. पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो १९३० च्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि आर. श्रीनिवासन यांनी सादर केलेला, अस्पृश्यांच्या राजकीय संरक्षणाचा मसुदा. त्यातल्या समान हक्कांच्या तरतुदीसाठी त्यांनी अमेरिकेचे १८६६ आणि १८७५ चे नागरी हक्कांचे कायदे समोर ठेवले होते. १८७५ च्या अमेरिकी कायद्यात खाणावळी-मुक्कामाच्या जागा, जमिनीवरची आणि पाण्यावरची सार्वजनिक वाहने, नाट्यगृहे आणि करमणुकीची ठिकाणे यांची यादी होती. ती यादी त्यांनी घेतली आणि तिच्यात रस्ते, पायवाटा, तलाव, विहिरी आणि इतर पाणवठे घातले. अमेरिकेतल्या काळ्या माणसाला रेल्वेच्या डब्यातून आणि नाट्यगृहातून बाहेर काढले जात होते. इथल्या माणसाला पाण्यापासून हटवले जात होते. कायद्याचा सांगाडा तिकडचा घेऊन त्यात इथली जखम नेमकी कुठे आहे ते लिहिणे, याला मी खरे कायदेपांडित्य म्हणते. १९४७ साली संविधान सभेच्या उपसमितीपुढे बाबासाहेबांनी जे निवेदन ठेवले त्यातही ही यादी जवळजवळ तशीच आहे.

त्या अमेरिकी कायद्याचे पुढे काय झाले, हेही इथे सांगायला हवे. १८८३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला, कारण चौदावी दुरुस्ती फक्त राज्यसंस्थेवर बंधन घालते, खाणावळ आणि नाट्यगृह चालवणाऱ्या खासगी माणसांवर नाही, असे न्यायालयाचे मत पडले. त्यानंतर अशा जागांसाठी देशव्यापी कायदा होण्यास तिथे १९६४ उजाडले. आपल्या कलम १५ च्या दुसऱ्या खंडात ‘राज्य’ हा शब्द नसणे किती महत्त्वाचे आहे, ते या इतिहासाच्या उजेडात कळते. जी यादी तिकडे साध्या कायद्यात होती म्हणून पडली, ती इथे संविधानातच आली.

संविधान सभेत या कलमावर २९ नोव्हेंबर १९४८ रोजी चर्चा झाली, तेव्हा मसुद्यात त्याचा क्रमांक ९ होता. त्या चर्चेत ‘दुकान’ या साध्या शब्दावर झालेला संवाद मी आता वर्गात आवर्जून वाचून दाखवते. न्हाव्याचे दुकान, धोब्याचे दुकान यात येते का, असे विचारले गेले. हा प्रश्न विचारणाऱ्यांना अनुभवाने ठाऊक होते की गावात किराणा देणारा माणूस कदाचित लांबून पुडी टाकेल, पण न्हावी डोक्याला हात लावणार नाही. बाबासाहेबांनी उत्तर दिले की दुकान हा शब्द त्यांनी व्यापक अर्थाने वापरला आहे. जो कोणी आपली सेवा मागायला येईल त्याला ती देण्यास मालक जिथे तयार असतो ती जागा म्हणजे दुकान, आणि डॉक्टर किंवा वकील यांचाही त्यात समावेश होतो. हे उत्तर पुढे सभागृहाच्या कामकाजाच्या नोंदींत पडून राहिले नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगी शिक्षणसंस्थांना हा खंड लागू होतो असे म्हटले, तेव्हा ६३ वर्षांपूर्वीच्या याच स्पष्टीकरणाचा आधार घेतला.

त्याच दिवशी अस्पृश्यता नष्ट करणारे कलमही, जे आज १७ वे आहे, संमत झाले, आणि सभागृहात महात्मा गांधींच्या नावाचा जयघोष झाला. या कलमात राज्य, नागरिक, व्यक्ती असा कोणताच कर्ता नाही. अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे, तिचे कोणत्याही स्वरूपातले आचरण निषिद्ध आहे, आणि तिच्यातून उद्भवणारी निःसमर्थता, म्हणजे हक्क वापरण्यावरची आडकाठी, लादणे हा शिक्षापात्र अपराध असेल, असे ते सांगते. मूलभूत हक्कांच्या भागात बहुतेक कलमे हक्क देतात. हे कलम अपराध सांगते.

मंदिरप्रवेशाची वाट पुढे कलम २५ मध्ये, धर्मस्वातंत्र्याच्याच पोटात ठेवली आहे, आणि सर्वांसाठी एकच मतदारयादी व प्रौढ मताधिकार कलम ३२५ व ३२६ मध्ये. त्यांवर स्वतंत्रपणे लिहावे लागेल. कलम १६ मधली सरकारी नोकरीतली समान संधी हा विषय तर इतक्या वादांनी वेढलेला आहे की समानता म्हटल्यावर आपल्याकडे बोलणे थेट तिथेच जाते. त्या वादात विहीर मागे पडते याचे मला वाईट वाटते.

दुसऱ्या दिवशी, संविधान दिनाचा कार्यक्रम झाल्यावर, मी मावशींना स्टाफरूममध्ये बसवले आणि कलम १५ चा दुसरा खंड वाचून दाखवला. ‘विहिरी’ हा शब्द आला तेव्हा त्यांनी मला थांबवले आणि पुस्तकात तो नेमका कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगितले. त्यांना वाचता येते, पण जोडाक्षरे सावकाश लागतात. त्यांनी ती ओळ स्वतः वाचली. ‘स्नानघाट’ पाशी त्या अडल्या, मी मदत केली. मग थोडे थांबून त्यांनी जो प्रश्न विचारला तो कोणत्याही कायद्याच्या विद्यार्थ्याला शोभेल असा होता: “पण आमच्या गावचा आड सरकारी नव्हता बाई. तो वाड्याचा होता, आणि सगळं गाव तिथंच भरायचं. मग?”

खंडाच्या शब्दांत हा प्रश्न खरोखरच आहे. पाणवठा सरकारी पैशाने राखलेला किंवा जनतेसाठी नेमून दिलेला असावा लागतो. म्हणून मी त्यांना कलम १७ वाचून दाखवले आणि त्या कलमाची अंमलबजावणी करण्यासाठी झालेला १९५५ चा अस्पृश्यता अपराध कायदा काढला, ज्याचे नाव १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा असे आहे. त्याच्या कलम ४ मध्ये मालकी कोणाची हे पाहिलेले नाही. ज्या पाणवठ्यावर इतर लोकांना, किंवा त्यांच्यातल्या एखाद्या गटालाही, जाण्याचा हक्क आहे, तिथे अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला अडवणे हा अपराध आहे. मी ती यादी मराठीत एकेक शब्द थांबून सांगितली: नदी, ओढा, झरा, विहीर, तलाव, टाके, पाण्याचा नळ.

“नळ बी हाय?” त्यांनी विचारले.

हो, नळही आहे, मी म्हणाले, १९५५ पासून आहे. त्यांनी मान हलवली, पदराने हात पुसले, आणि मधली सुट्टी व्हायच्या आत मुलांच्या पिण्याच्या पाण्याची टाकी भरायची राहिली आहे, असे म्हणून त्या उठल्या.